कूलंटचा लाल दिवा आणि आमच्या विहिरीचं मचूळ पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की गणपतीत घाटात जो ट्रॅफिक तुंबतो तो सगळा जुन्या खटारा गाड्यांमुळे, बॉनेट उघडून वाफा सोडत मधेच उभ्या राहतात, तेव्हा दहा वर्षांवरच्या गाड्यांना सणाच्या दिवसांत घाटात बंदीच घाला. वाचून मला आधी रागच आला, कारण माझी गाडी २०१० ची आहे आणि ती खरोखरच घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत मधेच उभी राहिली होती. म्हणजे गृहस्थांनी मला बघूनच लिहिलं की काय! राग उतरल्यावर म्हटलं, गाडी का उभी राहिली हे त्यांना ठाऊक नाही, तीन महिने मलापण ठाऊक नव्हतं, तर आता कळलंय ते लिहून पाठवूया. लांबलंय, हवी तिथे कात्री लावा, फक्त हळदीचं आणि सरबताचं कापू नका.

आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीच्या अगदी काठाला. आंबा, फणसपोळी, कोकम आगळ असा घरगुती धंदा आहे, माल कोल्हापूरला तीन-चार दुकानांत जातो आणि तो मीच घेऊन जाते. मिस्टर गाडी चालवत नाहीत. त्यांना घाटात गाडी लागते, पुढच्या सीटवर हातात लिंबू धरून डोळे मिटून बसतात. पण गॅरेजमध्ये गेलं की मेकॅनिक सगळं त्यांनाच समजावतो आणि हेही सगळं कळल्यासारखी मान हलवतात. हे सांगायचं कारण पुढे येईल.

गाडी पेट्रोलची हॅचबॅक, भाच्याने मुंबईत वापरलेली, आम्ही २०१७ ला घेतली. पंधरा वर्षं भरल्यावर आरसी रिन्यू केली, पाच हजार फी भरली, आरटीओत तपासणी झाली, पुढची पाच वर्षं मिळाली. तेव्हा खटारा म्हणायचं काम नाही.

तर मे महिना, मागे नऊ पेट्या, आगळच्या चोवीस बाटल्या, पुढे मिस्टर आणि लिंबू. ओणीवरून आत वळलो, पाचलला चहा घेतला आणि अणुस्कुरा घाट चढायला लागलो, तिसऱ्या की चौथ्या वळणावर टिंग टिंग टिंग करून डॅशबोर्डवर लाल दिवा लपलपायला लागला. पाण्याच्या लाटांवर थर्मामीटर उभा केलाय असं ते चित्र. आणि गंमत म्हणजे बाजूचा टेंपरेचरचा काटा शहाण्यासारखा मधोमध, ९० वर. दिवा म्हणतोय मेलो, काटा म्हणतोय मस्त चाललंय. विश्वास कोणावर ठेवायचा?

याचं उत्तर गाडीच्या पुस्तकात होतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, आरत्यांच्या पुस्तकाखाली आणि उलटीच्या पिशव्यांखाली आठ वर्षं न उघडता पडलेलं. आमच्या गाडीत तो एकच दिवा दोन कामं करतो, इंजिन जास्त तापलं तरी लागतो आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणाऱ्या पाण्याच्या, टाकीतली पातळी खाली गेली तरी लागतो. काटा मधे आणि दिवा चालू म्हणजे बहुतेक दुसरं प्रकरण. सगळ्या गाड्यांना असं नसतं. माझ्या बहिणीच्या गाडीला काटाच नाही, नुसता दिवा, सकाळी गाडी थंड असताना निळा लागतो आणि दोन-तीन किलोमीटरवर विझतो, तो निळा काही बिघाड नाही, पण लाल लागला तर मात्र पुढच्या वळणापर्यंत पण ताणायचं नाही. तुमच्या गाडीचा दिवा नक्की काय सांगतो ते एकदा घरी खाटेवर बसून वाचा, घाटात वाचायला जमत नाही, रेंज पण नसते.

तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत वरून येणारा एक टेम्पोवाला थांबला. "वैनी, तापली जनू. थांबा, पानी देतो." बाटली ओतली, दिवा गेला, त्याला दोन आंबे दिले, विषय संपला.

विषय कसला संपतोय. अकराव्या दिवशी परत टिंग टिंग टिंग. मग जूनमध्ये दोनदा. आणि कोकणात गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की लोक तहानलेल्याला द्यावं तसं धावत पाणी घेऊन येतात, कोणी बाटली, कोणी तांब्या, एका म्हाताऱ्या आजींनी तर कळशीच आणून ठेवली, त्यांना नको म्हणायची सोय नाही. घरी मिस्टरांनी पण मनावर घेतलं, सकाळी जास्वंदीला पाणी घालून झालं की उरलेलं गाडीला. पाणी आमच्याच विहिरीचं. आता ही विहीर खाडीपासून दोनशे पावलांवर, मे महिन्यात तिचं पाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही, डाळ बोटचेपी शिजत नाही म्हणून आम्ही प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचं भरून ठेवतो. म्हणजे ज्या पाण्यात आम्ही डाळ शिजवत नाही ते पाणी मी तीन महिने इंजिनात शिजवत होते!

गॅरेजला नेली नाही असं नाही. पहिल्या ठिकाणी दिवा सांगितला आणि त्यांनी टाकीत डोकावायच्या आधीच थर्मोस्टॅट बदलायला घेतला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर (पुढची जाळी, जिथे गरम पाणी गार होतं) यांच्या मधलं एक झडपेसारखं दार, आत मेण असतं, साधारण ८५-९० डिग्रीला ते मेण फुगून दार उघडतं आणि गरम पाणी रेडिएटरकडे सुटतं. तो अडकला की गाडी तापते हे खरं, पण माझी गाडी तापतच नव्हती, तिचं पाणी कमी होत होतं. पाणी कुठे जातंय हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, मी पण नाही. बावीसशे रुपये गेले.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने जे केलं त्यासाठी खरंतर हे पत्र लिहितेय. तो म्हणाला सेन्सर गेलाय. टाकीच्या बुडाशी प्लग असतो, तो काढला, काहीतरी खुटखुट केलं, दिवा बंद. "झालं काम साहेब." साहेबांनी मान हलवली. तीनशे रुपये फक्त, मी खूश. त्याने काय केलं ते नंतर कळलं. त्या टाकीत आत धातूच्या दोन बारीक पिना असतात, कूलंट त्या दोन पिनांच्या वर असलं की त्यातून किंचित करंट जातो, पातळी खाली गेली की तो तुटतो आणि दिवा लागतो, इतकी साधी गोष्ट. या पठ्ठ्याने प्लगमधल्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. आता टाकी ठणठणीत कोरडी पडली तरी गाडीला वाटणार की पाणी भरलेलं आहे. घरात चोर शिरल्यावर कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्याचं तोंड बांधावं तसं.

मग जुलैमधली ती ट्रिप. पाऊस धो धो, अणुस्कुऱ्याला अर्ध्यावर धुकं, आणि मी बघतेय तर काटा ९० वरून हळूहळू खाली यायला लागला. मला वाटलं पावसाने इंजिन गार झालं, छानच की. इथे सगळे फसतात म्हणून नीट लिहिते. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, पाणीच संपलं आणि तो उघडा पडला की नुसत्या हवेचं काहीतरी मोजतो आणि काटा खोटं बोलतो. चढ चाललाय, गाडी भरलेली, आणि काटा खाली येतोय, तर ती वाईट बातमी समजा. पुढच्या दोन वळणांत गुळाचा पाक करपल्यासारखा गोडसर वास यायला लागला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ, समोरचं काही दिसेना. थांबवली. जागा कुठे होती थांबवायला, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, मागे एसटी, तिच्या मागे चिऱ्यांचा ट्रक, त्याच्या मागे अख्खं कोकण. पत्रवाले गृहस्थ त्या रांगेत असते तर त्यांनी दिलेल्या शिव्या मला मान्य होत्या.

आणि त्या वेळी आमचे मिस्टर, जे आयुष्यात कधी बॉनेटजवळ गेले नाहीत, लिंबू खिशात टाकून उतरले आणि हातरुमाल घेऊन थेट टाकीचं झाकण फिरवायला लागले. मी ओरडले ते एसटीतल्या लोकांनी पण ऐकलं असेल. त्या झाकणाखाली जो दाब असतो तो आपल्या घरच्या कुकरएवढा असतो, बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार, म्हणजे हवेच्या दाबाइतकाच, जास्तीचा, काही गाड्यांत त्याहून वर. त्या दाबामुळे आत साधं पाणी असलं तरी १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, गप राहतं. झाकण उघडलं की दाब गेला, दाब गेला की उकळतं पाणी आणि वाफ एका क्षणात तोंडावर. शिट्टी न काढता कुकर कोणी उघडेल का? तर गाडीचा कुकर पाऊण तास तरी उघडायचा नाही, आणि तेव्हासुद्धा वरच्या जाड रबरी पाइपाला कपड्याने दाबून बघायचं, तो टणक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ लागला की झाकणावर जाड फडकं टाकून पाव वेढा, फुस्स होऊ दे, मग बाकीचं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतायचं नाही, वरून तर अजिबात मारायचं नाही. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी मारलं की तवा तडकतो, इथे तडकणारा तवा बदलायचा तर हजारांत जातो. बॉनेटमधल्या पंख्याजवळ हात, ओढणी, पदर काही न्यायचं नाही, तो गाडी बंद असताना पण आपोआप सुरू होऊ शकतो.

गाडी टोइंगने खाली आणली. पैसे विचारू नका.

शेवटी गाडी दाखवली ती आमच्या वाडीतल्या तात्यांना. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता फक्त ओळखीच्यांच्या गाड्या बघतात आणि त्यासुद्धा सकाळी सात ते दहा, नंतर म्हणतात ऊन लागतं. आल्या आल्या त्यांनी मिस्टरांकडे न बघता मला विचारलं, "किती पानी पिते गो ती?" मी म्हटलं आठवड्याला एक बाटली. "मग जातं खंय?" बास. तीन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला.

मग त्यांनी जे केलं ते मी बाजूला स्टूल टाकून सगळं बघितलं. आधी इंजिनमध्ये तेल घालायचं झाकण काढून त्याच्या आत बोट फिरवलं. तिथे दुधाळ कॉफीसारखा फेस लागला असता तर पाणी तेलात मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सीलची पट्टी) गेलं, म्हणजे मोठा खर्च. फेस नव्हता. मग टाकीत साधं पाणी भरून गाडी पाच मिनिटं चालू ठेवली आणि टाकीत बुडबुडे येतात का ते बघितलं, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो का ते बघितलं, तेही नव्हतं. ही पाच मिनिटं मी देवाचं नाव घेत होते. मग गाडी गार होईपर्यंत चहा. मग झाकणाच्या जागी एक हातपंप बसवला, सायकलच्या पंपासारखा, त्यावर दाब दाखवणारं घड्याळ, आणि आत हवा भरून दाब एक बारपर्यंत नेला. "आता गप बस आणि घड्याळाकडं बघ." काटा हळूहळू खाली. टॉर्च घेऊन खाली वाकलो, तर रेडिएटरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे प्लास्टिकची टाकी अॅल्युमिनियमला दाबून बसवलेली असते तिथून, एक एक थेंब. थेंबाच्या भोवती वाळलेला तपकिरी-गुलाबी थर. म्हणजे गळती जुनी होती, गाडी गरम झाली की दाबाने गळायची, गरम इंजिनवर वाळून जायची, म्हणून खाली डाग पडायचा नाही आणि आम्ही म्हणायचो गळत तर नाही मग पाणी जातं कुठे.

तात्यांनी रेडिएटरच्या जाळीला नुसतं नख लावलं तर पापडासारखा चुरा खाली पडला. बाहेरून खाडीचा खारा वारा आणि तांबडी धूळ, आतून माझं मचूळ पाणी. मिठाला अॅल्युमिनियमचं काय वाकडं आहे कोण जाणे पण ते त्याला खातं, हे खाडीकाठच्या प्रत्येक घरातल्या भांड्यांवरून पण कळतं. कूलंटची टाकी काढून बघितली तर आत चहाच्या पातेल्यासारखा तपकिरी थर, आणि त्या दोन पिना तर शेवाळलेल्या. म्हणजे पुढे कधीतरी टाकी भरलेली असताना पण दिवा लागला असता. मी म्हटलं कोकमाची सोलं आणू का, तांब्याची भांडी झकास निघतात. तात्या पोट धरून हसले, मग म्हणाले लिंबूफूल आण. गरम पाण्यात लिंबूफूल, जुना टूथब्रश, चार वेळा खळबळून काढली, पिना चकचकीत. आणि त्या जोडलेल्या दोन वायरी सोडवून प्लग परत जागेवर. बाकी रेडिएटर नवा, दोन होस पाइप, झाकण नवं, कारण झाकणातली स्प्रिंग आणि रबर पण जातं आणि मग दाबच धरत नाही. सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास. मे महिन्यात पहिल्या टिंगटिंगला हे केलं असतं तर निदान टोइंग आणि थर्मोस्टॅट वाचला असता.

आता कूलंटचं. आपल्याकडे सगळे म्हणतात आपल्या कोकणात कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला, पाणी चालतं. मीही म्हणायचे. पण गोठू नये हे त्याचं एक काम झालं, आपल्या कामाचं नाही ते सोडा. त्यात गंज धरू नये म्हणून घातलेलं औषध असतं ते आपल्या कामाचं, आणि पाण्यापेक्षा उशिरा उकळतं ते आपल्या कामाचं. अर्धं कूलंट अर्धं पाणी केलं तर दाब नसतानाही १०७ डिग्रीच्या पुढेमागे उकळतं, झाकणाचा दाब धरला तर १२५ च्या वर. आणि जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं पण नाही, नुसतं कूलंट पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, म्हणून अर्धं-अर्धं. डबा घेताना बघायचं, काही डबे मिसळून तयार असतात ते तसेच ओतायचे, काही दाट असतात त्यात पाणी घालायचं, आणि ते पाणी म्हणजे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. घाटात अडकलात तर जे मिळेल ते स्वच्छ पाणी घाला, जीव महत्त्वाचा, पण मग आठ दिवसांत ते काढून धुऊन नीट भरून घ्या. माझं चुकलं ते हेच, घाटातली सोय मी घरची सवय करून घेतली.

रंगावरून पण जाऊ नका. हिरवं, गुलाबी, नारिंगी, निळं, प्रत्येक कंपनीचं वेगळं, दोन गुलाबी एकसारखी असतीलच असं नाही आणि भलतीच दोन मिसळली तर चिखल होऊ शकतो. पुस्तकात जे लिहिलंय ते.

आता सरबताचं. तात्यांनी गाडीतलं जुनं काढलं, नवं भरलं, आणि थोडं उरलेलं गुलाबी कूलंट मी एका रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलं. बाटली कसली तर आमच्याच आगळची. संध्याकाळी दिराची नातवंडं आली, पाचेक वर्षांची छोटी नात ती बाटली घेऊन माझ्याकडे, "आजी सरबत कर." हुबेहूब कोकम सरबताचा रंग! आणि हे कूलंट चवीला गोड असतं म्हणतात, त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं, कुत्री-मांजरं गोड लागतं म्हणून सांडलेलं चाटतात आणि जातात. माझे पाय अजून थरथरतात आठवून. तेव्हा कूलंट त्याच्याच डब्यात, झाकण घट्ट, वर माळ्यावर. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. आणि गॅरेजवाल्यांनी ते काढून गटारात किंवा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, सोडू नये, वाडीतली गुरं तिथेच पाणी पितात.

हळदीचं राहिलं. टोइंगवाल्याने मला सांगितलं होतं की रेडिएटर गळतोय ना, दोन चमचे हळद टाका, गळती बंद. हे जुने ड्रायव्हर खरंच करायचे, तात्या म्हणाले त्यांनी पण केलंय, रात्रीची गाडी आहे, चाळीस माणसं बसलीत, डेपो लांब, तेव्हा बारीक भोक बुजतं त्याने. पण ती हळद भोक कुठलं आणि नळी कुठली हे ओळखत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्या पण बुजवते आणि महिन्याभराने दुसरंच दुखणं. बाजारात गळती बंद करायच्या बाटल्या मिळतात त्यांचंही तेच.

तात्यांनी एक गोष्ट मात्र मला पक्की शिकवली की गाडी कुठे तापते ते आधी बघ. जाममध्ये उभी असताना तापते आणि धावायला लागली की गार होते, तर पंखा. घरी अंगणात गाडी चालू करून एसी लाव, पुढचा पंखा फिरायला पाहिजे, नाही फिरला तर फ्यूज, रिले नाहीतर पंख्याची मोटर. गणपतीत महामार्गावर ज्या गाड्या रांगेत तापतात त्यातल्या कितीतरी याच, मुंबईत रोज दहा मिनिटांच्या वर कुठे थांबत नाहीत त्यामुळे पंखा गेलाय हे कशेडीला कळतं. उलट जाममध्ये ठीक आणि चढाला तापते, तर रेडिएटर तुंबलेला, नाहीतर वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट. आणि तापतच नाही, नुसती पातळी जाते, तर गळती शोध. पुढच्या डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागत असेल, काचेवर चिकट धुकं धरत असेल तर आतला हीटर गळतोय. एसीचं पाणी खाली पडतं ते वेगळं, त्याला रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही, ते बघून घाबरू नका. काटा लालकडे चाललाच तर एसी बंद, काचा खाली, हीटर फुल्ल गरम करून सोडायचा, आपल्याला घाम फुटतो पण इंजिनची उष्णता थोडी बाहेर येते, तेवढ्यात रुंद जागा बघून थांबायचं. मिस्टरांना सांगितलं तर म्हणाले लिंबाने एवढं सोसायचं?

तेव्हा त्या गृहस्थांना माझं सांगणं की बंदी घालून काय होणार, माझी गाडी वयाने नाही बंद पडली, दोन वायरी जोडल्याने आणि खाऱ्या पाण्याने पडली, ते उद्या एखाद्या सहा वर्षांच्या गाडीचं पण होईल. गॅरेजवाल्यांनी दिव्याचा आवाज बंद करायच्या आधी दाबाचा पंप लावून बघावं, माझ्या समोर तर ते दहा मिनिटांत झालं, आणि गाडीची मालकीण समोर उभी असेल तर तिच्याशी बोलावं. बांधकाम खात्याला विनंती की घाटात जिथे वळणाबाहेर रुंद जागा आहे तिथे अलीकडे पाटी लावा, 'पुढे ५०० मीटरवर थांबायला जागा', म्हणजे माझ्यासारखीला वाफेतून जागा शोधत बसावं लागणार नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडकलं तर मदतीसाठी १०३३ ला फोन करता येतो हे पण खूप जणांना माहीत नसतं, तेही छापा. आणि तुम्ही दरवर्षी गणपतीआधी रेल्वेच्या जादा गाड्या आणि पर्यायी रस्ते पहिल्या पानावर देता, त्याच्याच बाजूला चार ओळींची चौकट द्या की निघायच्या आदल्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मधे आहे का बघा. मुंबईची मंडळी पेपर वाचतात, आमचं ऐकत नाहीत.

तात्यांनी सांगितल्यापासून मी दर रविवारी रात्री गाडीखाली पेपर पसरून ठेवते, सकाळी डाग कुठे पडला ते बघायचं, पुढे पडला तर रेडिएटर, पट्ट्याच्या बाजूला पडला तर वॉटर पंप. पेपर तुमचाच, रविवारची पुरवणी, तिचा कागद पांढरा असतो म्हणून डाग लगेच दिसतो. गेले सात रविवार कोरडा आहे. काल फक्त एक काळा थेंब होता, तो तेलाचा, आणि तात्या म्हणाले तो पावसानंतर बघू.

आपली नियमित वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये, गॅरेजवाला ओळखीचा आहे.)